इंजेक्शनचे सहा आठवडे

लेखमाला : दुखरे सांधे, दुखरे स्नायू
लेखांक 7

खांद्यावरच्या गेल्या लेखांकानंतर जी पत्रं आली त्यांत खांद्यापेक्षा कोपरंच जास्त निघाली. मजकूर थोड्याफार फरकाने सारखाच. कोपराच्या बाहेरच्या अंगाला दुखतं, आठ महिने झाले, वर्ष होत आलं. शेकून झालं, मलमं चोळून झाली, पट्टा बांधून झाला. मग एक इंजेक्शन घेतलं, जादू झाल्यासारखं वाटलं आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आता कुणी पीआरपी सुचवतंय, कुणी ऑपरेशन. काय करू? म्हणून ठरलेला गुडघा पुढच्या आठवड्यावर ढकलतो आणि आज टेनिस एल्बो घेतो. तोही कालपरवा सुरू झालेला नाही, चांगला मुरलेला.

पत्र लिहिणाऱ्यांत टेनिस खेळणारं कुणी नाही, आणि त्यात नवल नाही. रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1873 साली या दुखण्याची नोंद केली ती लिहून लिहून हात धरलेल्यांची होती. पुढे 1880च्या दशकात इंग्लंडमध्ये लॉन टेनिसचं खूळ पसरलं आणि तिथल्या वैद्यकीय नियतकालिकांनी दिलेलं नाव कायमचं चिकटलं. आपल्याकडे हे दुखणं पोळी-भाजी केंद्रात, शिंप्याच्या कात्रीत, सुताराच्या आणि प्लंबरच्या हातात आणि दिवसभर माउस धरून बसणाऱ्यांत भेटतं. शंभर प्रौढांमागे एक ते तीन जणांना ते गाठतं, बहुधा पस्तिशी ते पंचावन्नच्या दरम्यान, आणि बहुतेकदा ज्या हाताने आपण कामं उपसतो त्याच हाताला.

उपायांकडे वळण्याआधी एक प्रयोग करून पाहा. उजव्या हाताची मूठ आवळा आणि डाव्या हाताची बोटं उजव्या कोपराच्या जरा खाली, वरच्या केसाळ बाजूवर ठेवा. मूठ मिटणारे स्नायू तळहाताच्या बाजूला असतात, तरी बोटांखाली ही बाजूसुद्धा टणक झालेली लागेल. कारण असं की बोटं मिटणारे स्नायू एकटेच ओढायला लागले तर मनगटही आत दुमडेल, आणि दुमडलेल्या मनगटाची पकड ढिली पडते. मनगट पूर्ण आत वाकवून मूठ घट्ट आवळायला गेलात तर लगेच कळेल. मनगट जागच्या जागी उचलून धरण्याचं काम पाठीमागचे स्नायू करतात. त्यांतल्या एकाचं भलंमोठं नाव एक्स्टेन्सर कार्पी रेडिअॅलिस ब्रेव्हिस, डॉक्टरांच्या बोलण्यात ईसीआरबी. त्याची कंडरा कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावर, हाडाला चिकटलेली असते. तुम्ही किल्ली फिरवा, पिशवी उचला, कपडे पिळा, कुणाशी हात मिळवा, प्रत्येक पकडीला ओढ तिथे बसते. म्हणून मूठ वळते मनगटाच्या पुढे आणि कळ उठते कोपरात.

नव्या दुखण्यात तिथे सूज असते की नाही यावर वाद घालता येईल. जुन्या दुखण्यात तो प्रश्न बराचसा सुटलेला आहे. रॉबर्ट निर्शल या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी 1970च्या दशकात ऑपरेशनमध्ये काढलेले कंडरेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा सूज आणणाऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. सापडले ते विस्कटलेले धागे, नको तिथे फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या आणि अर्धवट राहिलेली डागडुजी. निरोगी कंडरेत कोलॅजेनचे धागे नव्या दोरातल्यासारखे एका दिशेने पिळलेले असतात. इथे दोर मध्येच उसवलेला असतो. म्हणजे सूज उतरवणारी गोळी महिनोन्‌महिने घेत राहण्यात फारसा अर्थ नाही. डायक्लोफिनॅकचं मलम काही दिवस आराम देतं, पोटालाही त्रास देत नाही, त्याला माझी हरकत नाही. गोळ्या मात्र पोट आणि मूत्रपिंड दोन्हींकडून वसुली करतात.

दुखणं खरोखर टेनिस एल्बोच आहे ना, हे आधी पाहायला हवं. जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या. कोपर सरळ, तळहात जमिनीकडे, आणि पाठीच्या वरच्या कडेला धरून ती एका हाताने उचला. बाहेरच्या उंचवट्यावर नेमकी कळ आली तर संशय बळावतो. हात सरळ ठेवून मधलं बोट वर उचलताना दुसऱ्याने ते खाली दाबलं आणि तिथेच दुखलं तर आणखी बळावतो. पण हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, मान वळवली की कळ हातात उतरत असेल तर मूळ मानेत असू शकतं. दुखणं उंचवट्यापासून चार बोटं खाली, मांसल भागात खोल असेल तर तिथून जाणारी नस दबलेली असू शकते. कोपर मध्येच अडकत असेल, सांधाच सुजला असेल, ताप असेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. वर्षभर टेनिस एल्बोचे उपचार करून गुण न आलेल्यांपैकी काही जणांचं निदानच दुसरं निघतं, आणि मान तपासायला दोन मिनिटं लागतात. एक्स-रे बहुधा साफ येतो. एमआरआयमध्ये कंडरेत 'फाटल्यासारखं' दिसतं म्हणून घाबरून जाऊ नका. अजिबात न दुखणाऱ्या कोपरांतही वयोमानाने असं दिसतं.

आता इंजेक्शन. बहुतेक पत्रांचा गाभा तोच आहे. कोपरात देतात ते स्टेरॉइड, आणि ते काम करतं. करतं म्हणूनच तर पंचाईत आहे. नेदरलँड्समध्ये 185 रुग्णांचे तीन गट केले होते : एकाला स्टेरॉइडचं इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला 'जपून वागा, वाट बघा' एवढाच सल्ला. निष्कर्ष 2002 साली 'लॅन्सेट'मध्ये आले. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले 92 टक्के बरे होते, फिजिओवाले 47 आणि वाट बघणारे 32. इथेच थांबलं तर इंजेक्शनसारखा उपाय नाही, आणि रुग्ण व डॉक्टर दोघेही बहुधा इथेच थांबतात. संशोधक थांबले नाहीत. वर्षाने तेच रुग्ण पुन्हा तपासले तेव्हा फिजिओवाले 91 टक्के बरे, काहीही न केलेले 83 टक्के, आणि इंजेक्शनवाले 69. पहिल्या नंबरचा गट शेवटी गेला होता. काहीच न करणाऱ्यांच्याही मागे.

हा योगायोग नव्हता. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या गटाने 2006 साली तसाच प्रयोग केला आणि तसंच दिसलं. त्याच गटाने 2013 साली आणखी कडक कसोटी लावली. निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि आपल्याला काय टोचलंय हे रुग्णाला ठाऊक नाही. वर्षभरात स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी 54 टक्क्यांचं दुखणं उलटलं, मिठाच्या पाण्यावाल्यांपैकी 12 टक्क्यांचं. इंजेक्शनला फिजिओची जोड देऊनही हा तोटा भरून निघाला नाही. असं का होतं? स्टेरॉइड वेदना दाबतं, पण कंडरेतल्या पेशींचं धागे विणण्याचं कामही मंदावतं. त्यात दुखायचं थांबलं म्हटल्यावर माणूस दुसऱ्या दिवसापासून हातोडा धरतो, कणीक तिंबतो. कमजोर कंडरेवर आधीपेक्षा जास्त भार पडतो. शिवाय सुईच्या जागी कातडी पांढरी पडणं, खालची चरबी झिजून खळगा पडणं हे काहींच्या बाबतीत होतं, आणि मधुमेहींची साखर काही दिवस चढते.

म्हणून मुरलेल्या दुखण्यात दुसरं, तिसरं इंजेक्शन घेण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पहिल्यालाही मी सहसा हो म्हणत नाही. कुणाच्या घरी लग्न पंधरा दिवसांवर आहे, कुणाची परीक्षा आहे, अशा वेळी सगळं समजावून सांगून एखादा अपवाद होतो. त्याला उधारी म्हणायचं, उपचार नव्हे, आणि फेड व्याजासकट करावी लागेल हे आधीच सांगायचं.

मग वर्षभर दुखणाऱ्याने निराश व्हायचं का? त्याचं उत्तर 2022 साली फिनलंडच्या संशोधकांनी बऱ्यापैकी दिलं आहे. निरनिराळ्या चाचण्यांत ज्यांना कुठलाही उपचार दिला नव्हता किंवा नुसता दाखवायला दिला होता, अशा लोकांच्या नोंदी त्यांनी एकत्र केल्या. त्यांना आढळलं की साधारण दर तीन महिन्यांनी उरलेल्यांपैकी निम्मे बरे होतात. सोळा जण आज दुखऱ्या कोपराचे असतील तर तीन महिन्यांनी आठ, सहा महिन्यांनी चार, नऊ महिन्यांनी दोन, वर्षाने एखादा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दुखणं आधीच किती जुनं आहे याने हा वेग बदलला नाही. 'वर्ष झालं, आता हे आपोआप जाणार नाही' हे वाक्य डॉक्टरांच्याही तोंडी असतं, पुष्कळदा ऑपरेशनची तारीख द्यायच्या आधी. आकडे त्याला दुजोरा देत नाहीत.

वाट बघणं म्हणजे हात गळ्यात बांधून बसणं नाही. कंडरा पूर्ण विश्रांतीने आणखी दुबळी होते आणि बेताच्या, वाढत्या भाराने सावरते. पोळ्या लाटून देणाऱ्या एका काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या उसळल्याच. "अहो डॉक्टर, हात दुखतोय म्हणून आले आणि तुम्ही वजन उचलायला सांगताय?" सांगतोय खरा, पण कसं उचलायचं ते नीट वाचा, कारण सगळी मेख त्या 'कसं'मध्ये आहे.

टेबलाशेजारी बसा. दुखरा हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलावर टेकलेला, पंजा कडेच्या बाहेर, तळहात जमिनीकडे. हातात अर्ध्या लिटरची पाण्याची प्लास्टिकची बाटली. महागडी डंबेल्स लागत नाहीत, कारण बाटलीतलं पाणी घोटाघोटाने कमीजास्त करता येतं, डंबेलचं वजन तसं करता येत नाही. सुरुवातीला बाटली पाव भरा. पहिले दहा-बारा दिवस हालचाल नाहीच : मनगट सरळ ठेवून बाटली नुसती धरून राहायची, तीस ते पंचेचाळीस सेकंद, मग मिनिटभर विसावा, असं चार-पाच वेळा. हे धरून ठेवणं पुष्कळांना त्या वेळेपुरती वेदनाही कमी करून देतं. ते सहज जमू लागलं की पुढची पायरी. चांगल्या हाताने दुखरं मनगट वर उचलून द्यायचं आणि चांगला हात सोडून दुखऱ्या मनगटाने बाटली सावकाश खाली न्यायची, मनातल्या मनात एक ते पाच मोजत. वर पुन्हा चांगल्याच हाताने. असं पंधरा वेळा, थोडं थांबून आणखी पंधरा, मग आणखी पंधरा. हे एक दिवसाआड केलं तरी चालतं.

व्यायाम करताना थोडं दुखणार आणि दुखलं तरी चालेल. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य असं धरलं तर तीन-चारपर्यंतची वेदना चालवून घ्यायची, अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी उठेपर्यंत ती पहिल्यासारखी खाली आलेली असावी. सकाळी किटलीही उचलवत नसेल तर आदल्या दिवशी पाणी जास्त झालं होतं, दोन घोट कमी करा. पंधराचे तीनही फेरे दोनदा विनासायास झाले की दोन घोट वाढवा. बाटली पूर्ण भरली म्हणजे अर्धा किलो. त्यानंतर एक लिटरची घ्यायची. आधी कोपर वाकवून, मग हळूहळू हात लांब करून, कारण हात सरळ झाला की कंडरेवरची ओढ वाढते.

न्यूयॉर्कच्या टिमथी टायलर या फिजिओथेरपिस्टनी 2010 साली रबरी दांडा पिळण्याचा एक व्यायाम अभ्यासून मांडला, तो 'टायलर ट्विस्ट' म्हणून चालतो. दांडा मिळाला तर उत्तम. तत्त्व तेच : चांगल्या हाताने पिळायचं, दुखऱ्या हाताने सावकाश सोडायचं. खांद्याचे आणि पाठीच्या फऱ्याचे स्नायू ढिले असतील तर सगळा भार मनगटावर येतो, म्हणून फिजिओ तेही व्यायाम देतात. कोपर दुखत असताना पाठीचा व्यायाम कशाला, असं त्यांना विचारत बसू नका.

हे तीन महिने करायचं. काकूंना पहिल्या महिन्यात काहीच फरक वाटला नाही. बहुतेकांना वाटत नाही, आणि नेमकी याच टप्प्यावर माणसं इंजेक्शनकडे वळतात. कोलॅजेन विणायला शरीर वेळ घेतं. त्याला घाई करता येत नाही.

तोवर रोजच्या कामाचं काय? एक साधा बदल औषधापेक्षा जास्त कामाचा आहे : उचलताना तळहात वर. पालथ्या हाताने वस्तू उचलली की ईसीआरबी राबतो, उताण्या हाताने उचलली की दंडाचा स्नायू भार घेतो. पिठाचा डबा, भाजीची पिशवी, लॅपटॉप, गॅसवरचं पातेलं, सगळं खालून आणि अंगाजवळ धरून. लाटण्यापेक्षा कणीक मळणं आणि जड तवा एका हाताने उचलणं जास्त बाधतं. मळायला मदत घ्या किंवा दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून मळा. कपडे पिळण्याऐवजी निथळत ठेवा. स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश, बॅट यांची मूठ जरा जाड करून घ्या, आवळून धरावं लागत नाही. माउस लांब असेल तर जवळ ओढा. स्कूटर किंवा बाइक रहदारीत रोज तास-तास चालवणाऱ्यांनी क्लचची तार सैल करून घ्यावी. मेकॅनिकचं पाच मिनिटांचं काम आहे. आणि सिगारेट. धूम्रपान करणाऱ्यांत हे दुखणं जास्त आढळतं.

पट्ट्याबद्दल थोडक्यात. तो दुखऱ्या उंचवट्यावर बांधायचा नसतो, त्याच्या दोन बोटं खाली, मांसल भागावर, आणि फक्त काम करताना. रात्री काढायचा. कामापुरता आराम देतो, बरं करत नाही. अल्ट्रासाउंडचा शेक, लेझर, टेप यांच्याबद्दलही फार वेगळं सांगण्यासारखं नाही. बोटुलिनमचं इंजेक्शनही वापरून झालं आहे. त्याने काहींची बोटं काही आठवडे नीट उचलत नाहीत, तेव्हा तबला वाजवणाऱ्याने तरी त्या वाटेला जाऊ नये. शॉकवेव्ह मशीनचा बराच गाजावाजा असतो. त्यावरच्या चाचण्यांचा 2005 साली कॉक्रेन या संस्थेने घेतलेला आढावा सांगतो की खोट्या मशीनपेक्षा फायदा जवळपास नाही. काही दवाखान्यांत पाच-सहा बैठकांचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घ्यायला सांगतात, तेव्हा हे लक्षात असू द्या.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला प्लेटलेट्सचा भाग कंडरेत टोचायचा. कल्पना आकर्षक आहे आणि त्यात औषध नसल्यामुळे माणसाला सुरक्षित वाटतं. सुरुवातीच्या चाचण्यांत, विशेषतः 2010 सालच्या डच चाचणीत, वर्षाने पीआरपी स्टेरॉइडपेक्षा सरस ठरलं आणि धंदा जोरात सुरू झाला. पण स्टेरॉइडपेक्षा सरस असणं म्हणजे काय, हे आपण वर पाहिलंच. शर्यत शेवटच्या नंबरवाल्याशी लावली होती. कॉक्रेनने 2021 साली 32 चाचण्या आणि 2,337 रुग्ण एकत्र करून पाहिलं, तेव्हा दाखवायच्या इंजेक्शनच्या तुलनेत वेदनेत वा कामात जाणवण्याजोगा फरक सापडला नाही. पीआरपीने अपाय होतो असं मी म्हणत नाही. खिशाला होतो, हे नक्की.

राहिलं ऑपरेशन. सचिन तेंडुलकरचं नाव पत्रांत हमखास येतं. 2004 साली त्याचं डावं कोपर दुखायला लागलं. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाचा वरचा, बॅट सांभाळणारा हात तो, आणि त्याची बॅटही नेहमीपेक्षा जड. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्या हुकल्या, नागपूरला परतला, दुखणं राहिलंच. शेवटी मे 2005मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा नागपुरातच श्रीलंकेविरुद्ध 93 धावा काढून तो परतला. "त्याला जमलं तर मला का नाही?" हा प्रश्न रास्त आहे. पण मे ते ऑक्टोबर हे पाच महिने पाहा. देशातला सर्वांत जपलेला हात, दिमतीला पूर्णवेळ फिजिओ, दुसरं काहीही काम नाही, तरीही एवढे महिने लागले. ऑपरेशननंतरही तोच बाटलीचा व्यायाम असतो, फक्त कापलेल्या कंडरेवर.

ज्या निर्शल यांच्या नावाने हे ऑपरेशन ओळखलं जातं, त्यांचा 1979 सालचा प्रसिद्ध निबंध 88 कोपरांवरचा आहे आणि बहुतेक सगळ्यांना गुण आला होता. हा आकडा सगळे सांगतात. त्याच निबंधात हेही आहे की त्या काळात त्यांनी टेनिस एल्बोचे 1,213 रुग्ण पाहिले होते. बाकीच्यांना कापावंच लागलं नाही. आणि 2018 साली सिडनीहून आलेली एक छोटी चाचणी तर शल्यचिकित्सकांना अस्वस्थ करणारी आहे. 26 रुग्ण. तेरा जणांचा खराब भाग कापून काढला, तेरा जणांची नुसती कातडी उघडून, कंडरा पाहून, शिवून टाकली. दोन्ही गट सारखेच सुधारले. 26 म्हणजे फार थोडे, त्यावरून ऑपरेशन मोडीत काढता येणार नाही. पण खराब भाग काढल्यामुळेच आराम पडतो, हे आता छातीठोकपणे सांगता येत नाही.

मी कुणाला ऑपरेशनला हो म्हणतो? निदान पुन्हा तपासून पक्कं झालंय, मान आणि नस सुटी आहे, वर सांगितलेला व्यायाम खरोखर, वाढत्या वजनाने सहा महिने झालाय, कामात बदल केलेत, आणि तरीही रात्रीची झोप किंवा पोटापाण्याचं काम अडलंय. असे लोक मोजकेच असतात. पत्रं पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी लांबलचक यादी दिली आहे, त्यात शेक आहे, सुई आहे, पट्टे आहेत, तीन डॉक्टर आहेत. वाढत्या वजनाचा व्यायाम तीन महिने केल्याचं एकाही पत्रात नाही. तेव्हा ऑपरेशनची तारीख घेतली असेल तर ती तीन महिने पुढे ढकलता येते का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. या दुखण्यात तीन महिने थांबल्याने हात कामातून जात नाही.

(पुढील लेखांक : गुडघ्यातलं वंगण)